नाव सांगता येणार नाही

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस खुर्च्या मांडल्या, एकोणीस डॉक्टर आले. त्यातले चार चहानंतर गायब! तरी घसा फोडून शिकवलं. मंकीपॉक्सचा फोड कांजिण्यांसारखा वरवरचा नसतो. खोल रुतलेला, टणक, मध्ये खळगा. तळहात बघा, तळपाय बघा, गळ्यातल्या-जांघेतल्या गाठी चाचपा. आणि पेशंटला विचारायचं ते सरळ विचारा. तोंड वाकडं केलंत की तो खोटं बोलणार – आणि चूक तुमची असणार.

मागच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे असले लोक येत नाहीत. विचारलं, असले म्हणजे कसले? चष्मा पुसत बसले.

नवऱ्याचं नाव यादीत होतं. आला नाही. शनिवारपासून दवाखान्यातच राहतोय – रंगकाम काढलंय, कामगारांवर लक्ष ठेवायला हवं म्हणे. फोनवर म्हणाला, घरी रोज तुझंच तर ऐकतो. हसले मी. पण बायको शिकवणार, आणि नवऱ्याची खुर्ची रिकामी. बरं नाही दिसत.

२० फेब्रुवारी

आज सव्वीस जण. उपचार शिकवले. बहुतेकांना औषध म्हणजे वेदना कमी करणं, पाणी, जखमांची निगा, डोळ्यांवर लक्ष. विषाणूवरचं औषध गंभीर पेशंटसाठी राखून. "म्हणजे काही करायचंच नाही?" एक तरुण डॉक्टर. त्याला म्हटलं, माणूस तीन-चार आठवडे एकटा खोलीत बसणार आहे. त्याला रोज एक फोन कर. तेही औषधच.

टाळ्या पडल्या. उगाच छाती फुगली.

२२ फेब्रुवारी

बाजारातून येताना दवाखान्यावरून गेले. दाराला 'बंद' अशी पाटी. आत रंगाचा वाससुद्धा नाही. भिंती जशाच्या तशा, पोपडे धरलेल्या.

कंपाउंडर काका बाकावर पेपर वाचत होते. मला बघून उठलेच. वर जाऊ लागले तर जिन्यात आडवे आले. साहेब झोपलेत म्हणाले. सकाळी अकराला! मग खाली मान घालून: "वर कुणाला सोडू नका म्हणालेत. तुम्हालासुद्धा."

तेरा वर्षं मी या माणसाला काका म्हणते. आज त्यांना माझ्याकडे बघवेना.

जिन्याखाली जेवणाचा डबा होता. आमच्या घरचा नाही.

२३ फेब्रुवारी

त्याला काहीही विचारलं नाही. फोनवर दोन मिनिटं – गॅस सिलिंडर, वीजबिल. एवढंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार



दुपारी ऑफिसच्या माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे चिमणी – माझ्याच हाताखालची डॉक्टर. आवाज बारीक म्हणून मीच ठेवलेलं नाव. पलीकडच्याच खोलीत बसते. उठून यायचं सोडून फोन का करतेय, कळेना. आणि ती वाचायला लागली.

"मी आरोग्य विभागातून बोलते आहे. मंकीपॉक्सचं निदान झालेल्या एका व्यक्तीच्या निकट संपर्कात आपण आला होतात. त्या व्यक्तीचं नाव मला सांगता येणार नाही. आपण घाबरू नका."

शब्द न् शब्द माझा. मागच्या वर्षी मीच बसून लिहिला होता तो मजकूर. 'आपण घाबरू नका' हे वाक्य तर तीनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं.

आधी वाटलं, वॉर्डातला कुणी पेशंट. पण महिनाभरात मी एकाही पेशंटला हात लावलेला नाही, नुसती वर्ग घेत फिरतेय. निकट संपर्क? अंथरूण, टॉवेल, कातडीला कातडी? जगात असा एकच माणूस आहे.

नऊ दिवस झाले त्याला घर सोडून. लस पहिल्या चार दिवसांत घेतली तर उत्तम, चौदापर्यंत घेतली तर निदान आजार सौम्य – हेही मीच शिकवते!

२५ फेब्रुवारी

काकांना बाजूला सारून वर गेले. त्याने दार उघडलं नाही. दाराआडून म्हणाला, लांब उभी राहा.

विचारलं, किती दिवस झाले? चौदा तारखेला अंगठ्यावर पहिला फोड आला. मग मनगटावर, पाठीवर. घरातली निकट व्यक्ती म्हणून तुझं नाव मीच दिलं, म्हणाला.

विचारलं, कोण आहे ती?

लस घेतलीस का, त्याने उलट विचारलं.

"आजार कुठून आला ते तरी लिहिलंस का फॉर्मात?"

"नाही. तो रकाना कोरा ठेवलाय."

मग मी जे बोलले ते इथे लिहवत नाही. खालच्या काकांनी ऐकलं. बहुतेक रस्त्यानेही ऐकलं. सतरा वर्षं, दोघांनी मिळून उभा केलेला दवाखाना, आईंचं आजारपण, सगळं काढलं. शेवटी एवढंच म्हणाला, "तुझे वर्ग पूर्ण होऊ देत, मग बोलू."

माझे वर्ग! इतका निर्लज्जपणा कुठून आणतात?

२६ फेब्रुवारी

चिमणीला खोलीत बोलावून दार लावलं. पाच वर्षं घडवली या पोरीला. म्हटलं, तो तुझ्याकडे आला, तू त्याला तपासलंस, रोज माझ्यासमोर बसून जेवलीस. एका शब्दाने सांगितलं नाहीस.

रडत होती, पण मागे हटली नाही. "मॅडम, घरच्यांनासुद्धा सांगायचं नाही. तुम्हीच शिकवलंय."

त्याने कुणाचं नाव घेतलं? म्हणाली, तेही सांगता येणार नाही.

सगळ्यांनी मला माझ्याच पुस्तकात बांधून ठेवलंय. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

२७ फेब्रुवारी

लस काल संध्याकाळी घेतली. आज वर्ग घेतला. 'पेशंटला दोष देऊ नका' हे वाक्य गाळलं.

१ मार्च

चिमणीने मला तपासलं. नियमच आहे. अंगावर पुरळ नाही, ताप नाही, गाठी नाहीत. फक्त तिचे प्रश्न, माझं 'नाही'.

मग उजवा हात उलटा-पालटा करताना ती तर्जनीपाशी थांबली. नखाच्या कडेला छोटासा खळगा, गुलाबी, नवी कातडी. "हे काय, मॅडम?"

नखुरडं झालं होतं म्हटलं, बरं झालं. तिने बोट सोडलं नाही. कधी झालं होतं, विचारलं. मला नीट आठवेना. ती हळूच म्हणाली, रक्त तपासून बघूया का? लस आत्ताच घेतलीत, रिपोर्टवर फार विसंबता येणार नाही. तारखा आठवल्या तर बघा.

रागच आला. तारखा मला विचारतेय!

२ मार्च, रविवार

याच वहीची मागची पानं काढली.

३० जानेवारी: 'बोट ठणकतंय, नखुरडं. ह्याने पट्टी बांधून दिली. हातमोजे घाल म्हटलं तर म्हणाला, बायकोच्या बोटाला कसले हातमोजे.' पुढे पाच तारखेपर्यंत रोज त्यानेच पट्टी बदलली आहे.

आणि २० जानेवारी, एकच ओळ: 'वॉर्डात नमुना घेऊन दाखवताना पेशंटच्या फोडात घातलेली सुई माझ्या बोटाला लागली. कुणाला सांगितलं नाही – वर्ग थांबले असते.'