बा, तुझी परीक्षा राहिली

बा, तू होतास तवा तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत न्हाई. चांगली जोडी आहे आपली. लेकीची पोरगी लिहून राह्यली. "आज्जे, हळू सांग," म्हणते.

काल माझ्या पोराला, तुझ्या नातवाला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो एमआयडीसीत बियाण्याला कीड मारायचं लाल औषध चोळतो. नखं कायम नव्या नवरीसारखी रंगलेली. परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं बायकोचं डोकं ओट्यावर आपटलं. मी मधी पडले, मलाबी भिंतीवर ढकललं. रक्त पुसताना मला तूच दिसलास. हातात फवारणीच्या पंपाची पितळी नळी, आई भुईवर, तिचे दात पिठाच्या परातीत. मी दात वेचतेय आन् तू ओरडतोस, "भाकरी कर!"

डॉक्टरीणबाईनं त्याचं डोकं तपासायला आकडे सांगितले, उलटे म्हण म्हणाली. भोकांत खुंट्या बसवायला लावल्या. एवढा दांडगा माणूस, पण खुंटी धरताना हात लटलट कापत होता. लक्षात ठेवायला शब्द सांगितले, त्यातला त्याला एकच आठवला. मला सगळे आठवत होते, पण तोंड दाबून बसले. न्हाईतर मलाच पास केलं असतं.

"आधी असा होता का?" बाईनं विचारलं.

"न्हाई. औषधाच्या खात्यात गेल्यापासून."

"मेंदूवर औषधाचा असर दिसतोय. ते काम आधी बंद करा," बाई म्हणाली.

दोष औषधाचा निघाला म्हणून मी हरखले. डोक्याला पट्टी बांधून बसलेली सून मला म्हणाली, "आत्याबाई, औषधानं मारलं, तर मंग मुकादमाला का न्हाई मारलं?"

बा, तूबी कपाशीचं औषध ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळायचास. "काठीनं बायका ढवळतात," म्हणून हसायचास. फवारणी सरली की तूच आईला दुधात भाकरी कुस्करून द्यायचास, तिला चावता येत न्हाई म्हणून. पण ज्याच्या रानात राबायचास त्या पाटलावर ऐन फवारणीतबी तुझा हात कधी उठला न्हाई.

आज सकाळी सुनेला मीच परतूरच्या एसटीत बसवून माहेरी धाडलं. पोराला सांगितलं, तुझा हात ठिकाणावर आला तरी आणायला जायचं न्हाई. तिला वाटलं तर ती येईल.

पोरगी विचारते, हे कुठं पाठवू? चुलीत घाल म्हटलं. पण बा, त्या खुंट्या बघताना वाटलं, तुलाबी तिथं बसवावं. आन् तू नापास व्हावास, म्हंजे आईचे दात औषधानं पाडले असं मला म्हणता येईल.