दंडावरचा हात

तीर्थरूप आईस,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

आम्ही सगळे खुशाल आहोत, हे आधी वाच आणि मगच पुढचं. थोरल्याच्या तळहातांवर आता खपली धरली आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

रविवारी सुट्टी म्हणून मंडळी जेवायला आली होती. आमची मुलं मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालत नाहीत, असं मी नणंदेला कौतुकाने सांगत होते. तूच लावलेली सवय ना ती! काही सांगायचं असलं की आईच्या दंडावर हात ठेवायचा, आणि आईने त्यावर आपला हात ठेवला की तिचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात धाकट्याने हात ठेवला. मी त्यावर माझा ठेवला आणि बोलतच राहिले.

बोलणं संपल्यावर विचारलं, "काय रे?"

"दादा गॅलरीच्या बाहेर लोंबकळतोय. चेंडू काढायला गेला होता."

तिसरा मजला, आई! ह्यांनी धावत जाऊन त्याला मनगटं धरून वर ओढलं.

नंतर धाकट्याला गदागदा हलवून विचारलं, ओरडला का नाहीस? म्हणाला, "तू हात ठेवलास ना. मला वाटलं, तुला कळलं."

काल दूध उतू जात होतं, तरी हा आपला हात ठेवून गप्प उभा. माझं काही ऐकत नाही. फोन करून तूच सांग त्याला, घरात ओरडलं तरी चालतं म्हणून. नियम तुझा आहे, तुझ्याच तोंडून मोडेल.

तुझी,
अजून हातपाय गार असलेली लेक