लाल पेन्सिलीची खूण

आप्पा, तुमची फौंड्रीतली पट्टी माझ्याकडेच आहे. परवापरवापर्यंत ऑफिसात टेबलावर ठेवायचो, आल्यागेल्याला दिसेल अशी. कुणी विचारलं की सांगायचो, ही साधी पट्टी नव्हे. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, तेवढाच मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या पट्टीवरचा इंच मुळातच जरासा लांब आहे. आमचे वडील बेळगावात पॅटर्नमेकर होते, हेही न विचारता सांगायचो. लोक माना डोलवायचे. तुमच्या जिवावर मी लई मिरवलं. गेले दोन महिने ती पट्टी ड्रॉवरमध्ये उलटी पडलीय. का, ते कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि जित्या माणसाला सांगायची माझी छाती होत नाही.

मी आता बेळगावजवळ मच्छेला एका कारखान्यात आहे. माणसाच्या शरीरात बसवायचे धातूचे सांधे करतो आम्ही. वाळू नाही, साचा नाही, अंगावर काजळी नाही. पेशंटच्या हाडाचा स्कॅन येतो, त्यावरून मी कॉम्प्युटरवर सांध्याचं डिझाईन करतो, आणि मशीन टायटॅनियमची मैद्यासारखी पावडर थरावर थर पसरत, पाहिजे तिथंच वितळवत, तो तुकडा उभा करतं. तुम्ही असता तर त्यावरून अंगठा फिरवून म्हणाला असता, "फिनिशिंग न्हाय रं." ते मुद्दामच नसतं, आप्पा. खरखरीत ठेवलं की त्यात हाड धरतं. एवढं सगळं बदललं, पण धातू गार होताना आकसायचा तो आकसतोच. म्हणून आमच्याकडे नियम असा, की माझी फाईल खऱ्या मापाची आणि आकसण्यापुरती वाढ द्यायची ती मशीनवरच्या माणसानं. कधी मी फाईलमध्येच वाढ धरली, तर सोबतच्या कागदावर तसं लिहायचं. तुमची लाल पेन्सिलच ती. प्लायवूडवर या लांब इंचाच्या पट्टीनं ड्रॉइंग काढलं की कोपऱ्यात लाल फुली, म्हणजे पुढच्यानं परत वाढ धरू नये.

ती फुली मी एकदा केली नव्हती, आठवतंय ना. डिप्लोमाच्या सुट्टीत तुमच्या हाताखाली आलतो. एकोणीस वर्षांचा, कॉलरवाला शर्ट घालून फौंड्रीत येणारा. एका मोठ्या पुलीचं ड्रॉइंग मी वाढ धरून काढलं आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून परत वाढीनंच पॅटर्न केलात. ओतून झाल्यावर सगळा माल मोठा निघाला, पार भंगारात गेला. मालक सगळ्यांसमोर विचारतायत, आणि तुम्ही डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणताय, "माझ्या हातनं झालं, मालक." मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा. त्यांनी तुम्हाला, वयाचा मुलाहिजा न ठेवता, नाही नाही ते ऐकवलं. घरी आलो तर आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही जेवलात, हात धुतलात, आणि मग म्हणालात, "खूण करायला हात दुखत हुता व्हय रं?" मी म्हणालो, विसरलो. "विसरतंय माणूस, म्हणून तर खूण असती," एवढंच बोलून तुम्ही कानावरची लाल पेन्सिल माझ्या हातावर ठेवलीत. पुन्हा कधी विषय काढला नाहीत. आईलासुद्धा कळू दिलं नाहीत.

आता माझं ऐका. कोगनोळीची एक बाई, तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेली. तिचा आधी बसवलेला खुब्याचा सांधा सैल झाला होता आणि आतलं हाड झिजून गेलं होतं. मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती वाटी तयार मापात कुठलीच बसेना, म्हणून तिच्या हाडाबरहुकूम वाटी करायचं काम माझ्याकडे आलं. आमचा मशीनवाला त्याआधीचा आठवडाभर गावच्या यात्रेला गेलता. खानापूरकडचा माणूस, माझ्याच वयाचा, आम्ही एकाच महिन्यात कामाला लागलो. तो नव्हता म्हणून तो आठवडा मीच फाईलमध्ये वाढ धरत होतो, आणि हाताला तीच सवय लागली. या वाटीलाही धरली. कागदावर लिहिलं नाही. तो परत आला, नियमाप्रमाणं त्यानं वाढ दिली. वाटी मोजायला टेबलावर गेली आणि मापाबाहेर निघाली. फार नाही, नखाएवढी. पण वाटीच्या कडेचे, हाडावर टेकायचे कान आणि स्क्रूची भोकं जागची हलली होती. तशी ती कुणाच्याही अंगात घालता येत नव्हती.

मोजणीच्या टेबलावरून फोन आला तेव्हाच चूक कुणाची ते मला कळलं. मग मी जे केलं ते लिहितो. मालकांकडे जायच्या आधी मी फाईल उघडली, वाढ काढून टाकली आणि खऱ्या मापाची करून ठेवली. दोन मिनिटांचं काम. खूण करायला न चालणारा हात त्या वेळी मात्र झरझर चालला.

मालकांनी विचारलं, "वाढ कुणी दिली?"

"मी दिली, साहेब. रोज देतो तशीच," मशीनवाला म्हणाला.

"आणि फाईल?" ते माझ्याकडे वळले.

"फाईल मापातच आहे," मी म्हणालो. ती तोवर खरंच मापात होती.

त्याच्याच हातून दोनदा वाढ पडली असणार असं ठरलं. त्याला मशीनवरून काढून वापरलेली पावडर चाळायला बसवलं. खरं तर घरीच पाठवणार होते, पण मी मध्ये पडलो, जुना माणूस आहे म्हणालो. एवढ्यावरही थांबलो नाही. असं परत होऊ नये म्हणून कागदावर लाल खुणेसाठी चौकोन असावा, असं मीच सुचवलं. सगळ्यांना पटलं. मालक म्हणाले, याला म्हणतात अनुभव. तुमची पेन्सिल मी त्या दिवशी अशी वापरली.

ती बाई हॉस्पिटलात येऊन पोचली होती. तिला परत गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून कोगनोळीला न्यावं लागलं. नवीन वाटी झाली, ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं आणि चांगलं झालं. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणते, "एवढं बारीक काम करतासा, इकडंतिकडं व्हायाचंच की. मी पडूनच हुतो, आणि थोडं पडलो." मला तिथं बसवेना. चहा अर्धा ठेवून निघालो.

तिच्यापेक्षा वाईट मशीनवाल्याचं आहे. रोज सकाळी गेटवर भेटतो. तोंडाला मास्क लावून दिवसभर पावडर चाळतो, आणि मला नमस्कार करतो. गेल्या आठवड्यात जवळ येऊन म्हणाला, "साहेब, मालकास्नी तुमी सांगितलासा म्हणून ऱ्हायलो. उपकार हाईत. पर मला अजून समजंना, मी दोनदा वाढ दिली कशी. एकदाच दिल्याली आठवतीया. डोस्कं काम देईना झालंय काय माझं?" त्याची बायको त्याला खडेबाजारातल्या डॉक्टरकडे घेऊन चाललीय, विसरण्यावर औषध द्या म्हणून. आणि मी काय म्हणालो, माहिताय? "वयानं होतं असं." तोंडाला आलं आणि बोलून गेलो.

आज रविवार. दुपारची जेवणं झालीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहितोय. खरं म्हणजे बसलो होतो मालकांना चार ओळी लिहायला: वाढ मी धरली होती, फाईल नंतर मी बदलली, त्या माणसाची चूक नाही. त्या चार ओळी लिहून झाल्यात. पण वर 'आप्पा' लिहिल्याशिवाय सुरुवातच होईना, म्हणून हे एवढं लांबलं. तुम्ही वाचणार नाही, म्हणून हे सोपं गेलं.

आणि एक. एकोणिसाव्या वर्षी ती फुली मी विसरलो नव्हतो. लाल फुल्या मारणं मला अडाण्यांचं काम वाटलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यासाठी मान खाली घातलीत, तेव्हा मला लाज वाटली ती तुमची, माझी नव्हे. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

हे सगळं लिहून झालं आणि मला बरं वाटायला लागलंय, आप्पा, हीच धास्ती आहे. त्या चार ओळी टेबलावरच आहेत. उद्या सकाळी गेटवर तो नमस्कार करील, आणि माझी मला जेवढी ओळख आहे त्यावरून सांगतो, मी तो घेईन.