एक घंटी समीक्षाच्या हातात

मी, श्रीमती महामाया पुंडलिक भद्रे, वय सहासष्ट, निवृत्त नर्स, राहणार भोकर, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन शाबूत आहे असं मात्र लिहवत नाही, कारण मी लई भ्यालेली आहे. हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं होतं दुसरंच, ते कलम चारमध्ये येईल.

ज्ञानोबा आणि पार्वतीबाई, तुम्ही शेजारी, तुम्हीच साक्षीदार. शेवटपर्यंत वाचा, पण ओठ हलवू नका. टेबलावरच्या फोनकडे बघू नका. त्यातून एक माणूस मला बघतो आहे आणि सगळं ऐकतो आहे.

१. भोकरचं दोन खोल्यांचं घर माझ्या पगारातून बांधलेलं आहे. ते माझी सून समीक्षा हिला मिळावं. माझा एकुलता एक विनोद वारल्यावर ती आणि तिची मुलगी तनुजा, एवढेच माझे वारस. आमचा पितळी बंब धाकट्या जावेनं ‘दोन दिसांसाठी’ नेला होता, तो परत आणून तनुजाला द्यावा. जाऊ म्हणेल, विसरले. अजिबात विसरलेली न्हाई.

२. रक्तदाब मोजायचं यंत्र पार्वतीबाईंना द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. म्हणून तेही तनुजाला. ज्ञानोबांची इन्सुलिनची सुई मात्र पार्वतीबाईंनी आता स्वतः द्यायला शिकावी. रोज एकाच जागी टोचू नये.

३. बिटकॉइनचं खातं. विनोद कॉम्प्युटरवर परदेशी लोकांची कामं करायचा, त्याची काही कमाई बिटकॉइनमध्ये यायची. तो गेल्यावर ते वॉलेट माझ्याकडे आलं. समीक्षा म्हणाली, “आई, तुम्ही फोनवर कुणालाही साहेब साहेब करता. हे पैसे एका मिनिटात जातात आन् परत येत न्हाईत. आपण वेगळं खातं काढू.”

तिनं काढलंही. या खात्यातून पैसे पाठवायला सांगितले की ते लगेच जात नाहीत, पाच दिवस तिथंच थांबून राहतात. तेवढ्यात समीक्षानं तिच्या फोनवरून नकार दिला तर व्यवहार रद्द होतो. पाठवणारा आणि थांबवणारा एकच माणूस नको, असं तिचं म्हणणं. ज्ञानोबा, तुम्ही जन्मभर एसटीत कंडक्टर होता. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ती एक घंटी समीक्षाच्या हातात आहे.

मला ते झोंबलं. माझ्या लेकाचे पैसे आणि सुनेची परवानगी! मी तिला चार बायकांदेखत बोलले, “पुन्हा माझ्या पैशात हात घातलास तर माझ्या मयतीलाही येऊ नकोस.” ती नुसतं “बरं” म्हणाली आणि तनुजाला घेऊन लातूरला गेली. तिथं एका क्लासमध्ये शिकवते. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

४. गेल्या शुक्रवारी फोन आला. व्हिडिओत खाकी कपड्यातला माणूस. “तुमच्या आधारकार्डावर पार्सल पकडलंय. तुम्ही अटकेत आहात. फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.” मग त्यानं खातं विचारलं आणि मी, रात्रपाळीत शवागाराशेजारच्या वॉर्डात एकटी बसणारी बाई, त्याला सगळं सांगून बसले. पैसे पाठवायचं बटणही माझ्याच बोटानं दाबलं.

पाच दिवस लागतील कळल्यावर तो लई ओरडला. त्यानं माझ्याकडून समीक्षाला निरोप लिहून घेतला, ‘मी माझ्या मर्जीनं पाठवते आहे, तू मधे पडू नकोस.’ तिचं उत्तर आलं, ‘बरं.’ माझी सून मानी आहे. मीच तिला बोलू नको म्हणाले होते, आता ती कशाला बोलेल?

तो माणूस खोटा असेल, हे मला निम्मं कळतं. पण तनुजा लातूरला कोणत्या गल्लीतून क्लासला जाते ते त्यानं सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. तेव्हापासून मी ताट वाढते आणि तसंच झाकून ठेवते. ज्ञानोबांची रोजची सुई मी टोचते, तेवढ्यापुरतं तो तुम्हाला आत येऊ देतो, कारण तुम्ही परत गेलात तर गल्लीत बोभाटा होईल. काल ते झाकलेलं ताट बघून पार्वतीबाई म्हणाल्या, “सिस्टर, जेवल्या न्हाई का?” मी म्हणाले, उपास हाय. “पौर्णिमा न्हाई, काही न्हाई, कसला उपास?” बाई, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं! आज त्यानं मला माफीनामा लिहायला बसवलं आहे. मी तोच लिहून राहिले, असं त्याला वाटतं.

५. माझं नाव ठेवताना वडील म्हणाले होते, ही पोर कुणापुढं वाकणार न्हाई. त्यांची बौद्ध धम्माची दीक्षा तेव्हा ताजी होती. त्यांची पोर आज एका फोनपुढं हात जोडून बसली आहे, याची मला लई लाज वाटते.

म्हणून लिहिते. खात्यातलं सगळं तनुजाच्या शिक्षणाला. खातं सांभाळण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार एकट्या समीक्षाचा, त्यात दीर-जावांनी बोलू नये. या घरात मला तोंडावर नको म्हणणारी ती एकटीच होती. तेव्हा मी तिला उद्धट म्हणाले. माझी मयत तिच्याशिवाय उचलू नये.

६. फोनकडे पाठ करून सह्या करा, मग हा कागद इन्सुलिनच्या डब्यात घालून घेऊन जा. घरी गेल्यावर समीक्षाला फोन करा, नंबर मागच्या बाजूला आहे. सांगा, तो निरोप माझा नव्हता. आधी तनुजाला क्लासमधून घरी आणायचं, मग नकार दाबायचा, मग पोलिसांना घेऊन या. पैसे उद्या दुपारी जातील. उशीर झाला आणि पैसे गेले तर जाऊ द्या, पण पोरीला एकटी सोडू नका. मला फार भीती वाटते आहे.

ठिकाण : भोकर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

महामाया पुंडलिक भद्रे (सही)

साक्षीदार :
१. ज्ञानोबा लक्ष्मण नरवाडे (सही)
२. पार्वतीबाई ज्ञानोबा नरवाडे (सही)

शेरा : कंडक्टरची सवय, म्हणून मागून लिहून ठेवतो. घरी येऊन फोन लावला. समीक्षाबाईंनी पहिलं हेच विचारलं, “आई जेवल्या का?” पोरगी घरी आली हाय. एक घंटी दिली, गाडी जागेवर थांबली. पोरीला घेऊन त्या लातूरहून निघाल्यात, मी पोलिसांना आणायला निघतो. मयतीचं कलम मी वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “मयतीची वाट कशाला बघू? आत्ताच येते.”
— ज्ञा. ल. नरवाडे