गाडीचा गोठा

गुरुवार, दिवेलागण

आधी आल्या हुपरीच्या विहीणबाई, मागनं चपला भिरकावत माझी नात, हातात खेळण्यातली रेल्वे. त्या रेल्वेसाठीच मी पुठ्ठ्याचं ठेसन केलतं. पण गाडी बघितली कुठं होती? दार मापलं दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यावरनं, आणि ह्या गाडीतला माणूस शेंगदाण्याएवढा! दारातनं आख्खा डबाच आत. पोरीचं तोंड उतरलं. आठ दिवस डोळे फोडले की मी! विहीणबाई तोंडाच्या फटकळ; वाटलं, आता हसणार. तर म्हणाल्या, “खुळे, ह्यो गाडीचा गोठा हाय. आज्जीनं गाडी बांधायला केलाय.”

“मग आज्जी, वैरण कुठं हाय?” पोरीनं मला इचारलं.

जीव भांड्यात पडला. दार मोठं झालं तेच बरं.

नवं ठेसन आता विहीणबाई नि मी मिळून करायचं. चांदीची पैंजणं करायचा त्यांचा बारीक चिमटा घेऊन रविवारी येतो म्हणाल्यात.