डांबराखालचा गंज

आन्स-ला-रूश, न्यू ब्रन्सविक
रविवार, ६ ऑक्टोबर १९९६

माझ्या कोलेतबाईला,

आईचे खूप आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा. चिमटा एवढ्यासाठी की तू हॅलिफॅक्सला जाऊन अख्खा उन्हाळा उलटला, तेवढ्यात तुझं एकच पत्र आलं, आणि तेही असलं की वाचता वाचता माझा चहा निवून गेला.

मी बरी आहे. अक्षर वाकडं दिसेल, पण हसू नकोस. उजवा हात जरा अडकलाय, म्हणून डाव्यानं लिहितेय. मी मुळातली डावरीच. शाळेत सिस्टरनं पट्टीनं बोटं फोडून फोडून मला उजवी केलं. आज ती वर बसून बघत असेल तर बघू दे म्हणावं.

गावाकडं सगळं ठीक. शेजारचा थादे पुन्हा एकदा लग्नाचं विचारून गेला. मी म्हटलं, "थादे, आधी दात बसवून घे. माझ्या हातचं कोंबडीचं कालवण काय चोखून खाणार आहेस?" म्हातारा लाजला गं! त्र्याहत्तराव्या वर्षी कान लाल झाले त्याचे.

आता तुझं पत्र. तू लिहितेस, तुझ्या नवऱ्यानं, फेर्नाँनं, त्याच्या बहिणीकरवी निरोप धाडला, दारू सोडली, रडतो, जेवत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी, चौदा तारखेला, तू बसनं येणार आणि थेट त्याच्या घरी जाणार. "आई, तू फक्त हो म्हण," असं लिहिलंस.

ते राहू दे जरा. मी तुला गाडीचं सांगते.

तुझ्या बाबांचा निळा पिकअप. ते गेल्यापासून मीच चालवते. बाबांनी जन्मभर त्यातून खारवलेले मासे वाहिले, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांनी उडवून वर घेतलं. म्हणजे त्या गाडीच्या पोटात माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त मीठ. पण तुला आठवत असेल, दोन वर्षांमागं जावईबापू आले होते डांबराचा डबा घेऊन. अर्ध्या तासात खालून सगळं काळंकुळकुळीत केलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "सासूबाई, आता दहा वर्षं बघायला नको." मी खूश. मी त्याला कालवण घातलं, वर ॲपल पाय. तूही किती खूश होतीस.

बाबा असते तर त्यांनी तो डबा समुद्रात भिरकावला असता. इथल्या पोरांना हीच खोड. गाडी धुवायची नाही, वाळवायची नाही, जुना गंज खरवडायचा नाही, ओल्या गंजावरच डांबर फासायचं. वरून नवरीसारखी सजलेली, आणि आत ओल कोंडलेली. ओल बाहेर पडायला वाट नाही. मग ती आतच खात बसते.

ऑगस्टमध्ये मी खाली शिरले आणि बाबांची बोटीवरची ती टोकदार हातोडी घेऊन चेसिसवर ठोकत गेले. चांगलं लोखंड टणकन बोलतं. हे मधेच थप्प करायला लागलं, भिजल्या पुठ्ठ्यासारखं. जरा जोर लावला तर हातोडीचं टोक आरपार! डांबराची साल ओढली, तर तिच्यासकट लोखंडाचे पापुद्रे निघाले, ओंजळ ओंजळ. वरून एक टवका नव्हता गं कुठं. मी तिथंच पडल्या पडल्या त्याला इतक्या शिव्या दिल्या की थादे कुंपणावरून ओरडला, "ऑझित, कुणाशी भांडतेस?" म्हटलं, "जावयाशी. तू मधे पडू नकोस."

मग महिनाभर तोच धंदा. सगळं डांबर सोललं. तारेच्या ब्रशनं घासलं, पाण्यानं मीठ धुतलं, ऊन पाहून वाळवलं. भोक पडलं होतं तिथं थादेनं नवी पट्टी जोडून दिली. गंज मारणारं औषध लावलं. दारांच्या खालची पाणी जायची भोकंसुद्धा बुजली होती, ती खिळ्यानं मोकळी केली. ब्रेकवर तेल उडू नये म्हणून पिशव्या बांधल्या, आणि गंज अडवायला करवतीच्या साखळीचं ते चिकट तेल घेऊन गुरुवारी सकाळी खाली आडवी झाले. मागची बाजू जॅकवर उचललेली.

गुरुवारी फेर्नाँ आला.

आधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू सोमवारी येतेस, मग कसं ठेवू पोटात?

मला आधी फक्त त्याचे बूट दिसले. पॉलिश केलेले. म्हणाला, "सासूबाई, तुम्ही कशाला या वयात? मी करतो ना. सरका."

म्हटलं, "तू केलेलंच काढतेय बाबा."

हसला. तुला ठाऊक आहे तो कसा हसतो, दगडालाही वाटावं याच्यासोबत नाचावं. मग गोड गोड सुरू झालं. दारू सोडलीय, रोज चर्चला जातो, कोलेतशिवाय घर खायला उठतं. "फक्त पत्ता द्या. मी जाऊन पाया पडतो तिच्या."

"ती येईल तेव्हा पड की. पाय तेच आहेत."

"सासूबाई, थट्टा नको. पत्ता."

"मोंक्टनला आहे ती. रिटायर्ड पोलीस सार्जंटच्या घरी भाड्यानं राहते. जा, बेल वाजव."

बूट हलेनात. मग तो वेगळ्याच आवाजात बोलला. हळू. तू तो आवाज घरात ऐकलायस, मी पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, "थेरडे, तू कुठं पडलीयेस ते तुला कळतंय का?" आणि मी बघत असताना त्यानं जॅकचा दांडा धरला आणि पिळला.

कोलेत, तो चुकून लागला नाही. वाकून, दोन्ही हातांनी पिळला.

बाबा म्हणायचे, जॅकवर आणि राजकारण्यावर कधी झोपू नये. म्हणून मी आतल्या बाजूनं चेसिसखाली लाकडाचे ठोकळे रचले होते. ते त्याला दिसले नव्हते. गाडी वीतभर खाली आली आणि ठोकळ्यांवर धाडकन बसली. नाहीतर हे पत्र लिहायला मी नसते, आणि तू सोमवारी त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून माझ्यासाठी रडली असतीस. तेवढ्या वीतभरात सायलेन्सरचा पाइप माझ्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. कोरडी फांदी मोडते तसं. डोळ्यांत गंज, तोंडात तेल. ओरडायलाही हवा नव्हती.

मी मेले नाही हे बघून त्यानं आत हात घातला. माझा अंबाडा धरला आणि ओढलं. म्हणतो, "पत्ता सांग, नाहीतर असाच सोलून काढीन." केस मुळांसकट गेले गं. टाळूवर आता दोन बोटांची जागा उघडी आहे. थादेला सांगितलंय, लग्नात टोपी घालीन.

हातोडी डाव्या बाजूला होती. सिस्टरनं डाव्या हाताचं लिहिणं मोडलं, मारणं मोडलं नव्हतं. पहिला घाव घोट्यावर. तो जनावरासारखा ओरडला आणि आडवा झाला, त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. तरी केस सोडेना. दुसरा घाव त्या मुठीवर. बोटं उघडली.

मी पलीकडून सरपटत बाहेर आले आणि गाडीला वळसा घालून त्याच्यापर्यंत गेले. तो कुशीवर पडून हात छातीशी धरून होता. म्हणाला, "आई, बस झालं. आई, बस ना." सात वर्षांत पहिल्यांदा मला आई म्हणाला.

आणि मी गुडघ्यावर तिसरा घाव घातला. वाटी फुटेल असा.

पहिले दोन भीतीचे होते. तिसरा नव्हता. तिसरा घालताना मला तुझा ईस्टरचा चेहरा दिसत होता. डोळा सुजून बंद झालेला, ओठ टाके घालून शिवलेला, आणि त्या ओठांनी तू म्हणत होतीस, "आई, बटाट्याचे गोळे छान झालेत."

थादे कुंपण ओलांडून आला. आधी मला पाहिलं, मग त्याला.

"जिवंत आहे?"

"रडतोय म्हणजे असेल."

"आता काय करायचं?"

"दवाखान्यात टाकायचं. माझंही हाड मोडलंय. चालव तू."

थादेनं गाडी जॅकवर उचलून ठोकळे काढले, ब्रेकवरच्या पिशव्या सोडल्या आणि फेर्नाँला मागं चढवला. थादे गाडी डांबरी रस्त्याला घ्यायला लागला, तशी मी म्हटलं, "जंगलातल्या मातीच्या रस्त्यानं घे."

"लांब पडेल, ऑझित."

"तेल ताजं आहे. धूळ बसली नाही तर टिकणार कसं?"

थादेनं मान डोलावली. तेल लावलं की धुळीतून फिरवायचं, हे इथं पोरालाही ठाऊक आहे, त्यावर वाद घालायचा काय? प्रत्येक खड्ड्याला मागून त्याची बोंब यायची. देव मला क्षमा करो, मला ती ऐकून बरं वाटत होतं. थादेनंही एकही खड्डा चुकवला नाही. पोचलो तेव्हा तो पिठात घोळवलेल्या माशासारखा झाला होता. नर्स म्हणाली, "ह्याला कुठून उकरून आणलात?"

आता हसून झालं असेल तर पुढचं नीट वाच.

दवाखान्यात कॉन्स्टेबल आला, तरुण आहे, इंग्रजी वळणाचं फ्रेंच बोलतो. फेर्नाँनं त्याला सांगितलंय की तो मला मदत करायला आला होता, जॅक आपोआप सुटला, आणि म्हातारीच्या डोक्यात वेड शिरलं. त्यानं हे सांगितलंही रडत रडत. दोघी नर्सा त्याची उशी सारखी करत होत्या.

मी माझं सगळं सांगितलं. तिन्ही घाव. कॉन्स्टेबलनं पेन थांबवलं. "मादाम, तिसऱ्या वेळी तो पडलेला होता, हे नक्की सांगायचंय तुम्हाला?" म्हटलं, "लिही. पडलेला होता, आणि बस म्हणत होता." थादे मागून मला कोपर मारत होता, पण मी काय करू, खोटं फक्त थट्टेत जमतं मला. तेव्हा त्या घावाबद्दल कोर्टात उभं राहावं लागणार. ते माझं मी बघीन. त्यासाठी तुला लिहीत नाही.

कॉन्स्टेबलनं विचारलं, "याआधी त्यानं तुमच्या मुलीवर कधी हात उचलला होता का?"

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण ते माझं नाही सांगायचं. मी म्हटलं, "तिला विचार." आणि तुझा पत्ता, जो मी गाडीखाली चिरडले असते तरी दिला नसता, तो त्या पोराला दिला, फोन नंबरसुद्धा. तू निघण्याआधी, शुक्रवारी, तो तुला फोन करणार आहे.

मला माहीत आहे तू काय म्हणतेस अशा वेळी. दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला, फादरला, मला, नेहमी एकच: "जिन्यावरून पडले." ईस्टरला तेच, मनगट मोडलं तेव्हा तेच, पोटातलं बाळ गेलं तेव्हाही तेच. आणि आम्ही सगळे मान हलवत होतो.

तुझ्या घराला जिना कुठं आहे गं, कोलेत? बैठं घर, दारापुढं एक लाकडी पायरी.

कॉन्स्टेबल शनिवारी ते घर बघून आलाय. मी धाडलं नव्हतं, आपणहून गेला. परत येऊन माझ्यासमोर टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

माझ्यासाठी काही सांगू नकोस. माझ्यासाठी सांगितलंस तर उद्या त्याच्यासाठी मागं घेशील. आता तो अंथरुणावर आहे, कुबड्यांवर चालेल, तुझ्याकडे बघून रडेल, आणि तुला वाटेल आता याच्यानं काय होणार आहे. बाळे, त्याच्या घोट्याचं आणि गुडघ्याचं हाड मोडलंय. जॅकचा दांडा पिळला तो माणूस तसाच आहे.

सोमवारी आलीस तर बसथांब्यावर थादे गाडी घेऊन उभा असेल. माझ्याकडे यायचं असेल तर त्यात बस, कालवण तयार असेल. त्याच्याकडे जायचं असेल तर चालत जा. मी दार लावून घेणार नाही, आईला दार लावता येत नाही. पण तिथवर तुला नेऊन सोडायला मी ती गाडी देणार नाही.

शुक्रवारी फोन वाजला की उचल. आणि कॉन्स्टेबल विचारील, "कशानं लागलं होतं?" तेव्हा आधी श्वास घे, मग त्याचं नाव घे.

एवढंच मागते.

तुझी, योगायोगानं नव्हे तर ठोकळ्यांमुळे जिवंत असलेली,
आई