बैलाच्या शेपटीखालची नाडी

लातूर, बहमन महिना, फसली सन १३५१

तीर्थस्वरूप दादास, लातूरहून केरबाचा पाया पडून नमस्कार. मी खुशाल हाय. जनावरांच्या दवाखान्यात काम शिकून राहिलो. भाकर पोटभर मिळते.

तुमचं पत्र वाचून हसावं का रडावं कळंना. आपला चांद्या बैल लंगडतो, म्हणून गावच्या भुजंगबुवानं त्याचा पुढचा पाय माणसाच्या मनगटावानी धरला अन् म्हणला, नाडी लागंना, पायात खराब रक्त साचलंय, शीर फोडू! नाडी लागंल कशी? तिथं धमनी मांसात खोल दडलेली असते. बैलाची नाडी शेपटीच्या बुडाखाली बघतात, एवढंबी त्या शहाण्याला ठाव न्हाई.

अन् रक्त काय आडातला गाळ हाय, एका जागी बसायला? काळजातनं निघतं, धमन्यांतनं अंगभर जातं अन् मिनिटाभरात शिरांतनं परत काळजात येतं. पायातलं निराळं, मानेतलं निराळं, असं नसतं. त्या गाढवाला गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका. मास्तरचं घड्याळ मागा अन् शेपटीखाली तुम्हीच बोटं ठेवा. मिनिटाला साठ ठोके भरले तर घोर न्हाई.

तुम्ही बैलाची दोन पानं लिहिली, अन् आईची शेवटी एकच ओळ: "आईला लई धाप लागते, पण भुजंगबुवानं नाडी बघितली, काही न्हाई म्हणला."

दादा, त्याच भुजंगबुवानं?

शेजाऱ्याचे बैल मागा, गाडी जुंपा अन् आईला आजच नांदेडच्या दवाखान्यात न्या.

तुमचा धाकटा,
केरबा